चाळीस पावलं

"तीस नाही, चाळीस पावलं ठेव," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिला त्यानंतर ऐकू आलं.

मुलगी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसली होती. कागदावर पट्टीने आखलेले बारा चौकोन आणि प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने काढलेली काड्यांची माणसं. पुढे एक पुरुष, मागे एक बाई. बाई ओळखू यावी म्हणून तिच्या डोक्याला एक वेणी चिकटवलेली, ती प्रत्येक चौकोनात वेगळ्या दिशेला उडत होती. ही मुलीच्या थ्रिलरची सुरुवात. पूर्ण सिनेमा होईल तेव्हा होईल, पण सुरुवातीची दोन मिनिटं सोमवारी सकाळी सरांच्या हातात पडायला हवी होती. सरांनी हे चौकोन आधी दोनदा परत पाठवले होते. तिसऱ्यांदा परत आले की वर्ष गेलं, असं मुलगी दिवसातून चार वेळा सांगत होती, दर वेळी नव्याने घाबरून.

"चाळीसच का?" मुलीने पेन्सिल कानावर अडकवत विचारलं.

"तिसावर चपलेचा आवाज पोचतो. रस्ता रिकामा असला तर." ताटं पुसता पुसता तिचं तोंड चालूच राहिलं. दिवसभराच्या कामानंतर हात आणि तोंड अशी आपापली कामं करत राहत, तिला विचारत नसत. "आणि हे खांबाआड लपणं काढून टाक. लपणारा माणूस सगळ्यांत आधी दिसतो. सरळ चालायचं, हातात पिशवी घेऊन, कुठेतरी निघाल्यासारखं. पाठीकडे बघायचं नाही. पाठीकडे बघितलं की त्या माणसाला कळतं. कोपराकडे बघायचं."

मुलगी तिच्याकडे बघतच राहिली. "आई, तू लग्नाआधी गुप्तहेर होतीस का गं?"

"वाचलं असेल कुठेतरी."

"तू? तू औषधाच्या बाटलीवरचं सोडून काही वाचतेस?" आणि आतल्या खोलीकडे तोंड करून मुलगी ओरडली, "बाबा, ऐकलंत ना? बायकोपासून जपून राहा!"

आत नवरा शर्टांना इस्त्री करत होता. इस्त्री टेबलावर टेकल्याचा आवाज एका लयीत येत होता, तो मध्येच एकदा आला नाही. "राहतोच आहे," तो आतून म्हणाला.

तिने नळ सोडला. वाहत्या पाण्यापाशी उभं राहिलं की कुणी काही विचारत नाही, हे तिला अनेक वर्षं माहीत होतं. तशी ती दिवसभर पाण्यातच असायची. शहराच्या वेगवेगळ्या भागांतून आलेल्या बाटल्या ओळीने मांडायच्या, चिठ्ठ्या ताडून बघायच्या, थेंब थेंब सोडत रंग बदलायची वाट बघायची, आकडा लिहायचा, पुढची बाटली घ्यायची. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं तिने हेच केलं होतं, आणि त्यातून तिला एक खोड लागली होती. कुणी काही सांगितलं की तिचं समाधान व्हायचं नाही. सांगणं वेगळं आणि मोजणं वेगळं. म्हणूनच बावीस वर्षांपूर्वी तिने नवऱ्याला काही विचारलं नव्हतं. तेव्हा मुलगी आठ महिन्यांची होती. संध्याकाळी पाचला रडायला लागायची ती आठाला थांबायची, घड्याळ लावल्यासारखी. डॉक्टर म्हणत, पोट दुखतं, मोठी झाली की थांबेल. नवरा नकाशे काढण्याच्या कचेरीत होता. कचेरी पाचला सुटायची, घर तिथून वीस मिनिटांवर, आणि तो यायचा आठाला. रडणं ओसरता ओसरता दारात त्याच्या बुटांचा आवाज. "काम होतं," एवढंच म्हणायचा आणि हात धुवायला जायचा. एकदा तिने प्रयोगशाळेतून कचेरीत फोन लावला. पलीकडचा माणूस हसला. "पाचनंतर? पाचनंतर इथे झुरळंसुद्धा थांबत नाहीत, ताई."

मग तिने मुलीला सांभाळणाऱ्या खालच्या मजल्यावरच्या मावशींना सांगितलं, की थोडे दिवस प्रयोगशाळेत जादा काम आहे, आठ वाजतील. मावशी म्हणाल्या, "बाळाचं काय, रडेल आणि दमेल. तू ये सावकाश." ती कचेरीसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. पहिल्या दिवशी तो पुढच्याच वळणावर हरवला. दुसऱ्या दिवशी तिने तीस पावलांचं अंतर ठेवलं. काचेच्या भांड्यांच्या एका दुकानापाशी त्याच्या खांद्यांत काहीतरी झालं, म्हणजे झालं असं तिला वाटलं, आणि तिने अंतर वाढवून चाळीस केलं. मग ते चाळीसच राहिलं. तो चालत होता. कुठल्याही दारात शिरत नव्हता, कुणाला भेटत नव्हता, बाकावर बसतही नव्हता. कालव्याच्या कडेने, गोदामांच्या मागून, शाळेच्या लांबलचक भिंतीलगत, बागेच्या कुंपणाला बाहेरून वळसा घालून पुन्हा कालव्याकडे. चौथ्या दिवशी निष्कर्ष निघाला होता. त्याला कुणाकडे जायचं नव्हतं, फक्त घरी यायचं नव्हतं. एखादी बाई असती तर बरं झालं असतं, असं तिला तेव्हा खरोखर वाटलं होतं. बाईशी भांडता येतं, तिची निंदा करता येते, बहिणीपाशी रडता येतं. नवऱ्याच्या चालण्याशी काय भांडायचं?

तरी ती पाचव्या दिवशी गेली. सहाव्या दिवशी गेली. प्रयोग संपल्यावरही आणखी सात दिवस गेली, आणि त्या सात दिवसांची नोंद तिने स्वतःपाशीसुद्धा नीट केली नव्हती. साडेचार वाजत आले की तिचे पाय आपोआप टेबलाखाली चपला शोधायला लागत. रस्त्यावर वारा असायचा. खांद्यावर कुणी नसायचं. लांबवर कुठेतरी, तीन रस्त्यांपलीकडे, तिची मुलगी मावशींच्या हातात रडत असायची आणि ते रडणं तिला ऐकू येत नसायचं. बाराव्या दिवशी मुलीला ताप भरला. मावशींनी प्रयोगशाळेत निरोप धाडला, तिथे निरोप्याला सांगितलं गेलं की बाई तर रोज साडेचारला जातात. त्या दिवशी नेमकी ती एका बाटलीचा आकडा जुळेना म्हणून थांबली होती. जिन्यात निरोप्या भेटला आणि ती तशीच घरी धावली. निरोप्याकडून सगळं ऐकून मावशींनी मूल तिच्या हातात दिलं. "आलीस?" म्हणाल्या. दुसरं काही म्हणाल्या नाहीत, आणि तेच तिला अजून आठवत होतं. त्यानंतर ती कुणाच्या मागे गेली नाही. नवऱ्याला विचारलं नाही, आपण काय केलं ते सांगितलं नाही. घर नीट चाललं. गॅस संपला, दिवा गेला, मुलीची फी, तुमचा दात, माझी टाच. बोलायला विषय पुरत होते. पण त्याला घरी यायचं नव्हतं, या एका खुंटीवर तिने पुढचं सगळं टांगलं होतं. तो पंख्याकडे बघत बसला तरी तिथेच, जेवताना गप्प राहिला तरी तिथेच. आता इतक्या वर्षांनी दोघांना हे कळायचं काही कारण नव्हतं. आपली बायको चोरासारखी आपल्या मागे फिरत होती हे त्याला कळायला नको होतं. आणि आपल्या रडण्याने बाप घराबाहेर राहत होता, हे या मुलीला तर मुळीच नको. मुलगी कागदावर खोडरबर घासत होती आणि खांबाआडची काड्यांची बाई हळूहळू नाहीशी होत होती.

गुरुवारी मुलगी कॉलेजातून आली ती दारातच बसली. "संपलं, आई. तिचे डोळे आलेत."

"कुणाचे?"

"माझ्या हिरोइनचे! शहरात एवढी माणसं आहेत, आणि पाठलाग करणारीचेच डोळे यायचे होते. डॉक्टर म्हणाले आठ दिवस." मग तिने आईच्या पायांकडे बघितलं. मुलीची ती नजर तिला लहानपणापासून ठाऊक होती. कपाटावरचा डबा काढून मागताना तशीच असायची. "तूच कर ना."

"वेडी का काय!"

"चेहरा दिसणारच नाही तुझा. नुसते पाय, पिशवी आणि कानामागचे केस. शिवाय तुला सगळं येतं. पुढे बाबा आहेतच."

पुढे बाबा आहेत हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मुलीने ते कधीच ठरवून टाकलं होतं. तिच्या मते बाबांची पाठ कॅमेऱ्यासाठीच घडवली होती, काही न बोलता बोलणारी. "माझी टाच दुखते," ती म्हणाली. "आणि रविवारी कपडे असतात."

"जमेल तिला," नवरा शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणाला. "आडवे सात, चार अक्षरं, सावलीसारखा. काय असेल?"



रविवारी सकाळी साडेसहाला गोदामांच्या मागचा रस्ता रिकामा होता. मुलीने ही जागा इतर सहा जागा बघून निवडली होती. एका बाजूला सलग पत्र्याची दारं, दुसऱ्या बाजूला उंच भिंत, सूर्य भिंतीवर चढेपर्यंत दहा वाजणार, तोवर उजेड सगळीकडे सारखा आणि फिका. रस्ता अजून तोच होता. पत्र्यांचा रंग बदलला होता आणि भिंतीला मध्ये एक दार पडलं होतं, पण पायांना तो ओळखू आला, टाचेसकट. मुलगी आपल्या आईला रस्ता समजावून देत होती. इथून निघायचं, इथे खडूची फुली, इथे दुसरी फुली, मध्ये थांबायचं नाही. ती मान हलवत होती. कॅमेरा मुलीची वर्गमैत्रीण चालवणार होती. उंच, बारीक, पाय फाकवून उभी राहायची सवय, म्हणून वर्गात तिला सगळे तिपाई म्हणत आणि तीही त्याच नावाला ओ देई. चालता कॅमेरा हवा म्हणून त्यांनी गोदामातल्या रखवालदाराची हातगाडी मागून घेतली होती. तिपाई गाडीवर मांडी घालून बसली, मुलगी गाडी ढकलू लागली, आणि चाक असं किंचाळलं की पहिलाच टेक हसण्यात गेला.

"तुझ्या थ्रिलरमध्ये डुक्कर आहे का गं?" तिपाईने विचारलं.

चाकाला घालायला मुलीने शिवणयंत्राचं तेल आणलं होतं. मुलीची ही तयारी बघून तिला बरं वाटलं. ही कुणाची सवय, ते तिला माहीत होतं.

मग टेक सुरू झाले, आणि त्यात काही गंमत उरली नाही. चालायचं, थांबायचं, परत पहिल्या फुलीवर यायचं. पिशवी डाव्या हातात होती की उजव्या, केस कानामागे होते की पुढे, हे तिपाई आधीच्या टेकवरून ताडून बघे आणि पुन्हा तसंच करायला लावी. तिला हे समजत होतं. एकच पाणी पुन्हा पुन्हा तपासण्यासारखं होतं ते. पुढे चाळीस पावलांवर नवरा चालत होता. राखाडी शर्ट, मागून किंचित झिजलेली कॉलर, आता थोडे पुढे आलेले खांदे. ती कोपराकडे बघत होती. तिसऱ्या टेकला तिच्या टाचेतली कळ पोटरीपर्यंत आली आणि तिथेच राहिली. कुठल्याच विचाराला टोक येत नव्हतं. नुसतं चालणं होतं आणि त्या चालण्याच्या आत दुसरं चालणं, पावलांवर पाऊल पडावं तसं, आणि दोन्हींमध्ये कोण पुढे होतं ते तिला मधूनमधून सांगता आलं नसतं.

चौथ्या टेकच्या मध्यावर एका गोदामात पत्र्यांची चळत कोसळली. आवाज इतका मोठा आणि इतका जवळ, की मुलगी ओरडली, तिपाईने कॅमेरा छातीशी धरला, आणि ती स्वतः जागच्या जागी थिजली. नवरा चालत राहिला. त्याची मान हलली नाही. खांदे दचकले, ते तिने बघितलं, पण मान हलली नाही. दुसऱ्या फुलीवर जाऊन तो थांबला आणि समोर बघत उभा राहिला.

"काका, तुम्ही कलाकार आहात की बहिरे?" तिपाई ओरडली.

"मागे बघायचं नाही असं दिग्दर्शिकाबाईंनी बजावलंय," तो तिकडूनच म्हणाला.

"कमाल आहे. आमच्या वर्गातल्या एकालाही जमत नाही हे. मागे कुणीतरी आहे हे माहीत असलं की मान वळतेच. वळवायची नाही म्हटलं की जास्तच वळते. काकांना सवयच आहे जणू."

ती पहिल्या फुलीकडे परत निघाली होती. निघता निघता तिची चाल मंदावली. नोकरीला लागली तेव्हा तिला हाताशी धरून शिकवणाऱ्या एक मोठ्या बाई होत्या. त्या म्हणायच्या, सलग दहा-बारा वेळा हुबेहूब तोच आकडा आला तर पाण्याचं कौतुक करू नकोस, यंत्र उघडून बघ, काटा कुठेतरी अडकला असेल. अकरा दिवस तो तिच्यापुढे चालला होता. रस्ते ओलांडले होते, गाड्यांचे भोंगे वाजले होते, एकदा एक कुत्रं त्याच्या मागून भुंकत आलं होतं. अकरा दिवसांत त्याने एकदाही मागे बघितलं नव्हतं. रस्ता ओलांडतानासुद्धा नाही, आणि रस्ता ओलांडताना तर कुणीही बघतं. तेव्हा तिला वाटलं होतं, किती बुडालाय हा स्वतःत. काटा अडकलेला होता, आणि तिने पाण्याबद्दल निष्कर्ष लिहून टाकला होता. मग तिला बारावा दिवस आठवला. तो तिने नेहमी मुलीच्या तापाचा दिवस म्हणून आठवला होता. त्या दिवशी ती मुलीच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होती आणि पावणेसहाला दारात बुटांचा आवाज आला होता. पावणेसहाला. घरी फोन नव्हता, त्याच्या कचेरीत कुणी निरोप धाडलेला नव्हता, ताप आल्याचं त्याला दारात कळलं होतं. "आज लवकर?" असंसुद्धा तिने विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तो साडेपाचला घरी येऊ लागला, आणि बापाला मुलीच्या तापाने जाग आली, असं तिने धरून चाललं होतं. त्या दिवशी त्याच्या मागे कुणी नव्हतं. ते बघायला त्याला कधीतरी, कुठल्यातरी काचेत, बघावं लागलं असणार. रोज बघावं लागलं असणार.

"आई, फुलीवर ये ना! उजेड जाईल."

ती फुलीवर गेली. पाचव्या टेकला सगळं जमलं. तिला मात्र त्यातलं काही आठवलं नाही.

शेवटचा चौकोन उरला. बाराव्या चौकोनात पुरुष थांबतो, वळतो आणि थेट बघतो, आणि तिथे सिनेमाचं नाव येणार. यात बाई दिसायची नव्हती, कॅमेराच बाईच्या जागी होता. पण नजर कुठे ठेवायची ते पुरुषाला कळायला हवं, म्हणून मुलीने तिला कॅमेऱ्याला चिकटून उभं केलं, भिंगाच्या डाव्या बाजूला. "बाबा, तुम्ही वळायचं आणि आईकडे बघायचं. बस."

तो वळला आणि त्याची नजर पत्र्याच्या दारावर गेली. पुन्हा वळला, ती जमिनीवर गेली. तिसऱ्यांदा ती तिच्या पिशवीपर्यंत आली. मुलीने फुली हलवली, वेग बदलला, एक-दोन-तीन मोजून वळायला लावलं. आता भिंतीच्या माथ्यावर उन्हाची कड आली होती. ती खाली उतरली की सगळं चित्र विस्कटणार होतं. मुलीचा आवाज रडवेला झाला. "बाबा, काहीच करायचं नाहीये. आईकडे बघायचंय फक्त. रोज बघता ना?"

तिपाईने कॅमेऱ्याची बॅटरी बदलायची आहे म्हणून सांगितलं आणि मुलीचा हात धरून तिला हातगाडीकडे घेऊन गेली.

तो एका गोदामाच्या पायरीवर बसला. ती उभीच होती.

"टाच?" त्याने विचारलं.

"रोजचीच आहे."

"बस मग."

ती बसली. त्यांच्यामध्ये पिशवी होती. पिशवीत वजनासाठी भरलेली जुनी वर्तमानपत्रं. हातगाडीकडे मुलगी नाक पुसत होती आणि तिपाई तिला काहीतरी सांगून हसवायचा प्रयत्न करत होती. आत्ता गप्प राहिलं तर आणखी पुष्कळ वर्षं गप्प राहता येईल, हे तिला स्पष्ट दिसत होतं. त्यात काही अवघड नव्हतं. पण आज चालून चालून ती इतकी दमली होती, की गप्प राहण्यापुरतंही बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

तो खडूच्या फुलीकडे बघत होता. "दुसऱ्या दिवसापासून. त्या भांड्यांच्या दुकानाच्या काचेत दिसलीस."

"मग वळला का नाहीत?"

"वळलो असतो तर तू घरी गेली असतीस."

एक सायकलवाला आला, कॅमेऱ्याकडे बघत बघत गेला. तो गेल्यावर नवरा पुढे बोलला, हळू, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. "खांद्यावर मूल नव्हतं तुझ्या. मान सरळ होती. किती महिन्यांनी तशी बघत होतो. म्हटलं, चालतेय तर चालू दे."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी काय?"

"त्याआधी का येत नव्हतात घरी?"

त्याने गुडघ्यावरची धूळ झटकली. ती झटकून झाल्यावरही हात तिथेच ठेवला. "नव्हतं यायचं," तो म्हणाला. "तेवढं तुझं बरोबर आहे."

तिला वाटलं होतं, हे कधी ऐकावं लागलं तर आपण कोसळू. तसं काही झालं नाही. आकडा तोच होता, तिने बावीस वर्षांपूर्वी मनात लिहून ठेवलेला. फक्त तो ती काचेत दिसण्याआधीच्या दिवसांचा होता, आणि तिने तो पुढच्या सगळ्या दिवसांपुढे लिहून टाकला होता. या चुकीसाठी प्रयोगशाळेत तिने कितीतरी नव्या मुलींना बोल लावले होते. आता कुणाला लावणार? तिने चपलेचा पट्टा सैल केला आणि टाच दाबत बसली. ऊन भिंतीवरून एक वीट खाली आलं.

"चला, शेवटचा!" मुलगी डोळे कोरडे करून परत आली होती. "जमलं तर जमलं. नाहीतर मी सरांच्या पाया पडते."

ती भिंगाच्या डाव्या बाजूला उभी राहिली. तो चालत गेला, पाठ, कॉलर, खांदे. फुलीवर थांबला. मग वळला आणि त्याने तिच्याकडे बघितलं. कितीतरी वेळ बघितलं, म्हणजे फार तर चार सेकंद. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. आपला पदर नीट आहे का, असा भलताच विचार तिच्या मनात येऊन गेला.

"कट," मुलगी म्हणाली, पण नेहमीसारखी ओरडली नाही. ती तिपाईच्या खांद्यावरून छोट्या पडद्यात बघत राहिली. "बाबा, हे छान आहे. पण हे नाही. तुम्ही ओळखीचं बघताय. ती तुमची कुणी नाहीये. आयुष्यात बघितलेली नाही तुम्ही तिला. अनोळखी बघा."

"अनोळखी," तो म्हणाला. "बरं."

ते त्याला पहिल्याच वेळी जमलं. तो वळला, आणि भिंगाशेजारी उभ्या असलेल्या तिच्या हातांवर काटा आला. ती नजर तिला पाठ होती. जेवणाच्या टेबलावर ती रोज तिच्या समोर बसत आली होती, आणि ती स्वतःही त्याच्याकडे तशीच बघत आली असणार.

"ओके! ओके, ओके!" मुलगी उड्या मारायला लागली. "सरांची झोप उडणार! बाबा, तुम्ही काय भयंकर बघता!"

ऊन खाली आलं. तिपाई कॅमेऱ्यातल्या फायली बघत होती. "कार्ड भरलंय. मुलाखतीचं शूट आहे मला दुपारी. वाया गेलेले टेक उडवू का? हा ओळखीचा पण?"

"उडव. काय करायचंय त्याचं?"

"तो राहू दे," ती म्हणाली.

दोघी मुलींनी तिच्याकडे बघितलं. सकाळपासून तिने कुठल्याच बाबतीत मत दिलं नव्हतं.

"आई, त्याचा उपयोग नाहीये गं. नाही बसणार कुठेच."

"मला हवाय."

मुलीने आईकडे बघितलं, मग लांब उभ्या असलेल्या बापाकडे. तो बुटाने खडूची फुली पुसत होता. तिने काहीतरी विचारायला तोंड उघडलं. "कशाला पण?"

"सांगेन," ती म्हणाली, आणि म्हणताना तिला जाणवलं की हे नुसतं टाळणं नाही, हे आता खरंच सांगावं लागणार आहे, रडण्यासकट. "आधी तुझी सोमवारची दोन मिनिटं होऊ देत. मग बस माझ्यासमोर. सगळं सांगेन."

"थ्रिलर आहे का?"

"नाही गं. नुसतं चालणं आहे."

मुली हातगाडी परत करायला आणि तिथून कॉलेजात जायला निघाल्या. चाक पुन्हा कुरकुरायला लागलं होतं, तो आवाज बराच वेळ येत राहिला. ती दोघं घराकडे वळली. सवयीने तो पुढे, ती मागे. तो सावकाश चालत होता, तरी टाचेमुळे अंतर पडत गेलं. पाच पावलं, दहा, मग मोजायचं तिने सोडून दिलं. रस्त्यावर आता माणसं होती. एक बाई गॅलरीतून चटई झटकत होती, केशकर्तनालयाचं अर्धं शटर वर गेलं होतं. आपण या माणसाला रस्त्यात मागून कधी हाक मारली आहे का, ते ती आठवू लागली. स्टेशनवर नाही, बाजारात नाही. गर्दीत चुकामूक झाली तरी ती नुसती पावलं उचलून गाठायची, नाहीतर थेट घरीच भेटायची.

"अहो," ती म्हणाली. आवाज पोचला नसावा. तिने तो मोठा केला. "अहो, थांबा जरा."

तो थांबला. वळला नाही. फक्त उजव्या हातातली पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांची पिशवी त्याने डाव्या हातात घेतली आणि तसाच उभा राहिला, समोर बघत, आणि ती तिला लागेल तेवढा वेळ घेत चालू लागली.